पाळणा लांबवायचा, पण समजून-उमजून

मैत्रिणींनो, वांगी घेताना आपण एकेक उलटून कीड बघतो. गांधीनगरच्या पेठेत साडी घ्यायची तर पदर उजेडात नेल्याशिवाय पैसे सोडत नाही. पाळणा लांबवायचा म्हटलं, की मात्र ‘अमकीला सोसलं नाही म्हणे’ एवढ्यावर निकाल लावून मोकळ्या होतो! आमचं उचगाव कोल्हापूरला खेटून, दवाखाने जवळ, घरोघरी मोबाइल. पण पापड लाटताना कानांवर पडतं ते अजून तेच : ‘तांबी वर चढून काळजाला लागती’, ‘गोळ्या घेतल्या की पुढं मूलच हुईत न्हाई.’

गेल्या वर्षी शेजारची सून बाळाला घेऊन आली. बाळ पाच महिन्यांचं, पेज नुकतीच सुरू केलेली. हळूच म्हणाली, “काकू, पाळी अजून आली न्हाई. अंगावर पाजतीया तोवर काळजी न्हाई न्हवं?” बाळंतपणाचा अशक्तपणा अजून तिच्या चेहऱ्यावर होता. डॉक्टर सांगतात, बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत. इतक्यात राहिले असते तर हाल तिचेही आणि लेकरांचेही. तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.

अंगावरच्या दुधाचा भरवसा तीन अटी एकदम पाळल्या तरच : बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, रात्रंदिवस फक्त आईचंच दूध हवं, आणि पाळी आलेली नको. पेज सुरू झाली की एक अट मोडली. पाळीची वाट बघण्यातही अर्थ नाही. कारण बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. पाळी न येताच दिवस जातात ते असे.

आता मूळ गोष्ट. महिन्यातून एकदा बीजकोशातून स्त्रीबीज सुटतं आणि नळीत येतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतं. दोघांची गाठ नळीत पडते आणि मग गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजतो. सगळी साधनं या वाटेवरच कुठेतरी आडवी येतात. कुठे, ते कळलं की निम्मी भीती जाते.

‘माला-एन’ची गोळी बीजच सुटू देत नाही. पाकिटात २८ गोळ्या : २१ औषधाच्या, ७ लोहाच्या. रोज न चुकता घ्यायच्या. बंद केल्या की बीज पुन्हा सुटू लागतं. रक्तदाब किंवा अर्धशिशी असलेलीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या सुरू करू नयेत, आणि पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नयेत. ‘अंतरा’ इंजेक्शनही मुख्यतः हेच काम करतं, दर तीन महिन्यांनी एक. त्याने पाळी पुढंमागं होते, कधी थांबतेही, आणि ते सोडल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतात. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी. तिच्यात संप्रेरकं नसल्याने पाजणाऱ्या आईलाही चालते. ती अस्तरात बदल करून गर्भ रुजू देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा.

तांबी पिशवीतच बसते. पिशवीपासून काळजापर्यंत वाटच नाही, मग चढेल कुठून? तिच्यातल्या तांब्यामुळे पुरुषबीज दुबळं होतं. एक प्रकार पाच वर्षं चालतो, दुसरा दहा. सुरुवातीला पाळी जास्त जाते, ओटीपोट दुखतं. क्वचित तांबी गळून पडते, अगदी क्वचित बसवताना पिशवीला इजा होते. दोरा हाताला लागला नाही, ताप आला, फार दुखलं, तर लगेच दवाखाना गाठायचा.

निरोध दोघांची गाठच पडू देत नाही, आणि लैंगिक रोगांपासून बचाव करणारं साधन हे एवढंच.

कुटुंब पुरं झालं की मग ऑपरेशन. आपल्याकडे ते बाईनेच करायचं, हे गृहीतच! २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याने केलेलं शंभरात एकही भरत नाही. वास्तविक पुरुषाचं ऑपरेशन सोपं. बारीकशा छिद्रातून बीज वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बंद करतात, त्याच दिवशी माणूस घरी. ताकद जात नाही. फक्त पहिले तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्य तपासून घ्यायचं. आणीबाणीतल्या सक्तीने पुरुषांच्या मनात जी धास्ती बसली, ती अजून पुरती गेलेली नाही.

हे सगळं उघड बोलायला सुरुवात झाली ती आपल्याच महाराष्ट्रात. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनला मारी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. कर्व्यांची प्राध्यापकी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी खटले झाले, तरी १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालवलं. मालतीबाईंनी त्यांना साथ दिली. सरकारची कुटुंबनियोजनाची योजना आली ती पुढे १९५२ साली. ज्या माहितीसाठी कुणी एवढं सोसलं, ती कानगोष्टींवर सोडून द्यायची का?

शेजारची सून नवऱ्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. दिवस गेलेले नाहीत ना, हे आधी तपासलं आणि मग तिने तांबी बसवून घेतली. दोन महिने पाळी जास्त गेली, सासूबाई कुरकुरल्या. पण असं होणार हे आधीच ठाऊक असल्याने ती घाबरली नाही. सासूबाईंनाही तिनेच समजावलं.

तेव्हा मैत्रिणींनो, दवाखान्यात किंवा आपल्या आशाताईंना चार प्रश्न जरूर विचारा : हे नेमकं कुठे काम करतं? किती काळ? त्रास कोणता होईल? आणि बंद केल्यावर मूल पुन्हा केव्हा होऊ शकेल? जाताना यजमानांनाही बरोबर न्या. संसार दोघांचा, मग काळजी एकटीचीच का?