एका इवल्याशा स्क्रूसाठी

जर्मनीच्या मध्यभागी ऱ्होन नावाची डोंगररांग आहे. तिच्यातले सर्वांत उंच शिखर वासरकुप्पे. उंची ९५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे ठेंगणेच. माथा पठारासारखा, गवताळ, आणि वारा अखंड. या वाऱ्यानेच डोंगराचे नशीब काढले. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानबांधणीवर बंधने आली, तेव्हा ‘इंजिनाशिवाय उडू’ म्हणत तरुण मंडळी लाकडाची आणि कापडाची ग्लायडर घेऊन इथे जमली. ऑस्कर उर्सिनुस या संपादकाच्या पुढाकाराने १९२० साली पहिली स्पर्धा भरली. दोनच वर्षांत इथून सुटलेले एक ग्लायडर तीन तासांहून अधिक काळ हवेत राहिले.

माथ्यावर आता ग्लायडरचे संग्रहालय आहे. ते १९८७ मध्ये उघडले. जवळच शीतयुद्धाच्या काळातला रडारचा पांढरा घुमट उभा आहे. हवा चांगली असली की जुनी ग्लायडर नुसती दालनात नव्हे, आकाशातही दिसतात. पाहुण्यांचे डोळे साहजिकच लांब पंखांकडे जातात. पण ज्यांनी ती दुरुस्त केली, त्यांना विचारले तर ते सांगतील, की लाकूड मिळते, कापड मिळते, सरस मिळतो. घोडे अडते ते वैमानिकासमोरच्या तीन-चार तबकड्यांपाशी.

त्यातली सर्वांत नाजूक म्हणजे व्हेरिओमीटर. ग्लायडर वर चालले आहे की खाली, आणि किती वेगाने, हे ती सांगते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट क्रॉनफेल्डने ती वापरली आणि ढगाखालचा वर चढणारा वारा शोधणे सोपे झाले. आतली रचना मोठी गमतीची आहे. तबकडीला रबरी नळीने एक बाटली जोडलेली असते, घरात चहा गरम राहावा म्हणून वापरतो त्याच जातीची, थर्मासची. ग्लायडर वर गेले की बाहेरचा दाब कमी होतो आणि बाटलीतली हवा बाहेर येऊ लागते. वाटेत ती एका पातळ पात्याला ढकलते, पाते काट्याला फिरवते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला परत जागेवर आणते. पाते आणि भिंत यांच्यातली फट इतकी अरुंद, की धुळीचा एक कणही काटा अडकवू शकतो. थर्मासच का? बाटलीतली हवा उन्हाने तापली, तर ग्लायडर जागच्या जागी असूनही काटा हलेल म्हणून.

अशा यंत्राची स्प्रिंग गंजली, काच तडकली किंवा एखादा स्क्रू हरवला, तर तो आणायचा कुठून? दुकानात नवा मिळत नाही. मग प्रवास सुरू होतो.

दक्षिणेला ब्लॅक फॉरेस्टमध्ये फुर्टवांगेन हे घड्याळांचे गाव आहे. घड्याळे बनवण्याची शाळा इथे १८५० साली निघाली, आणि आज मोठे घड्याळ संग्रहालयही आहे. ऑगस्टअखेरीस इथे जुन्या घड्याळांचा बाजार भरत आला आहे. ग्लायडरच्या यंत्रातले स्क्रू, केसस्प्रिंगा आणि दातेरी चाके ही मुळात घड्याळजीच्याच घराण्यातली, त्यामुळे शोधणारा आधी इथेच येतो. शिवाय एक नेहमीची युक्ती असते. त्याच जातीचे मोडके यंत्र विकत घ्यायचे आणि त्याचे अवयव दुसऱ्याला बसवायचे.

पूर्वेकडे श्वेबियन आल्ब डोंगरात ऑन्स्टमेटिंगेन हे गाव लागते. १७६४ ते १७७० या काळात इथले धर्मोपदेशक फिलिप माथेउस हान हे प्रवचनाबरोबर खगोलीय घड्याळे आणि तराजू करत. त्यांच्यामुळे या भागाच्या बोटांत बारीक कामाची सवय रुजली. शेजारच्या युंगिंगेनमध्ये १९३१ पासून विंटर ही कंपनी ग्लायडरची यंत्रे बनवत आली आहे. त्यामुळे तिचे जुने यंत्र हाती असलेला माणूस निदान अर्ध्या चिंतेतून सुटतो.

ब्रिटिश यंत्र असेल तर चिंता वाढते. त्याचे स्क्रू बहुधा बी.ए. मापाचे. आपल्याकडच्या जुन्या रेडिओवाल्यांना आणि वायरमनना हे माप चांगले ठाऊक आहे. ४ बी.ए.चा स्क्रू ३.६ मिलिमीटर जाडीचा, मेट्रिक मापातला त्याच्या सर्वांत जवळचा साडेतीनचा. चुकून तो घातला तर फसगत होते. जोर लावून आवळला तर आटे जातात, आणि मग स्क्रूऐवजी सगळी चौकटच शोधावी लागते. होकायंत्राजवळ तर पोलादी स्क्रू चालतच नाही, पितळीच हवा. पोलादामुळे सुई भलतीकडे वळते, आणि चुकीची दिशा दाखवणारे होकायंत्र नसलेल्यापेक्षा वाईट.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. युद्धकाळातल्या बऱ्याच तबकड्यांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियम मिसळलेल्या रंगाने लिहिलेले असत. चमक केव्हाच गेली, रंग तपकिरी पडला, पण रेडियम अर्धे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. असे यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून खरवडणे म्हणजे ती धूळ घरच्यांच्या श्वासात घालणे. जाणकार मंडळी आधी किरणोत्सार मोजतात. मोजणी जास्त आली तर मूळ तबकडीचा मोह सोडतात. देखणेपणाला इथे दुसरे स्थान.

दुरुस्त झालेले यंत्र पुन्हा उडणार असेल, तर त्याची दाबाच्या पेटीत तपासणी होते. उतरले नाही तर ते दालनात शोभेला.

महाराष्ट्रातही ग्लायडिंगची आठवण जुनी आहे. पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र १९५० साली सुरू झाले, आणि १९६१ मध्ये प्रथम उडालेले ‘रोहिणी’ हे शेजारी-शेजारी दोन आसनांचे भारतीय ग्लायडर कित्येक शिकाऊंना आठवत असेल.

अशा जुन्या यंत्रांत आणखी एक आहे, उंचीचा आलेख काढणारा बॅरोग्राफ. घड्याळाच्या किल्लीवर फिरणाऱ्या नळकांड्याला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळायचा, त्यावर काजळी धरायची, आणि उडताना सुई त्या काजळीवर रेघ ओढत जाते. वैमानिकाला १००० मीटर चढल्याचा पुरावा द्यायचा असला की हाच पत्रा परीक्षकांपुढे ठेवत. काजळी कशाची? जर्मन आणि इंग्रज वैमानिक त्यासाठी जाळत असत तो कापूर. आपल्याकडे आरतीच्या तबकात असतो तोच.