ढिश्क्यांव... पण आवाज कुठंय?

स्पेसशिपच्या मारामाऱ्या म्हणजे माझा वीक पॉइंट. हिरवे-लाल लेसर, गर्रकन वळणारी यानं, धडामधूम स्फोट... वीकएंडला एवढं मिळालं की सोमवारची डेडलाइन गेली तेल लावत! प्रॉब्लेम एकच. माझा नवरा मेकॅनिकलवाला. रिमोट त्याच्या हातात गेला की संपलंच. पॉज करतो आणि सुरू होतो, "अगं, तिथे हवाच नाही, तर आवाज कसला?"

आवाजाचं सोडा हो, ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण लेसरसुद्धा दिसणार नाही, हे ऐकून मी जाम खट्टू झाले. टॉर्चचा झोत धुक्यात दिसतो, कारण थोडा उजेड धुक्यावर आपटून आपल्या डोळ्यांकडे वळतो. पोकळीत आपटायला आहेच काय? म्हणजे आपला हीरो ट्रिगर दाबणार आणि समोरच्या यानाचा पत्रा तेवढा तापत जाणार. त्यात लेसर लांब गेला की फाकतो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर आरसे ठेवले. पृथ्वीवरून त्यांच्यावर सोडलेला लेसर तिथे पोचेपर्यंत काही किलोमीटर रुंद होतो!

आणि ती गर्रकन वळणं? 'स्टार वॉर्स'च्या (१९७७) वेळी जॉर्ज लुकासनं दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झटापटींचं फुटेज जोडलं आणि त्यावरून आपली लढाई बेतली. म्हणून ती यानं विमानांसारखी कलतात, सूर मारतात. विमानाला वळायला हवेचा टेकू असतो, इथे कशाचा? उलट शत्रू मागे लागला तर यानाचं फक्त तोंड मागे फिरवायचं, त्याच वेगानं पुढे जात राहायचं आणि गोळ्या घालायच्या. हे मात्र मला भलतंच स्टायलिश वाटलं.

मग नवऱ्यानं 'द एक्स्पान्स' (२०१५ ते २०२२) लावली. तिथे लेसरची आतषबाजी नाही. लांबून टॉर्पेडो, जवळून रेलगन, म्हणजे विजेच्या जोरावर धातूचा गोळा भिरकावणारी तोफ. लढाईआधी सगळे स्पेससूट चढवतात आणि यानातली हवा काढून टाकतात. पहिल्याच सीझनमध्ये एक जण आरामात बोलत असतो. रेलगनची गोळी एका भिंतीतून आत, दुसरीतून बाहेर, आणि वाटेत त्याचं डोकं. ना डायलॉग, ना स्लो मोशन. मी पॉपकॉर्नचा बाऊल खाली ठेवला.

अंतराळात खरीखुरी तोफ गेली होती, हे तुम्हाला माहितीये? सोव्हिएत युनियनचं 'साल्यूत ३' हे स्टेशन १९७४ मध्ये वर गेलं, त्यावर २३ मिलिमीटरची तोफ होती. ती जागची हलत नसे, म्हणून नेम धरायला अख्खं स्टेशन वळवायचं! जानेवारी १९७५ मध्ये ती झाडली, तेव्हा आत कुणीही नव्हतं. धक्क्यानं स्टेशन मागे ढकललं जाऊ नये म्हणून इंजिनंही पेटवावी लागली.

पण खरं हत्यार वेगळंच आहे, वेग. सेकंदाला ३ किलोमीटर वेगानं जाणारी कुठलीही वस्तू, अगदी आपला वरवंटाही, स्वतःच्या वजनाएवढ्या टीएनटीइतकी ऊर्जा घेऊन आदळते. पृथ्वीजवळचे उपग्रह तर साडेसातच्या आसपास पळतात. मग बॉम्ब कशाला भरायचा? २७ मार्च २०१९ ला 'मिशन शक्ती'त भारतानं आपलाच उपग्रह पाडला, तो नुसती धडक देऊन.

सिनेमात फुटलेलं यान फ्रेमबाहेर गेलं की विषय संपतो. कक्षेत तुकडे फिरत राहतात, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे पुन्हा एक गोळी. चीननं जानेवारी २००७ मध्ये आपला जुना हवामान उपग्रह सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवर फोडला. त्याचे तीन हजारांहून जास्त तुकडे मोजले गेले, कित्येक अजून वरच आहेत. भारतानं मुद्दाम तीनशेच्या आसपास उंची निवडली, कचरा लवकर खाली येऊन जळावा म्हणून. बहुतेक आलाही, पण काही तुकडे वर उडालेच. त्या दिवशी मला अभिमान वाटला होता, आजही वाटतो. फक्त त्या तुकड्यांचा हिशेब मला आता त्याच बातमीचा भाग वाटतो.

म्हणून मला विचाराल, तर अंतराळयुद्धाचा सगळ्यात खरा सिनेमा 'ग्रॅव्हिटी' (२०१३). त्यात युद्धच नाही! रशिया आपला निकामी उपग्रह क्षेपणास्त्रानं उडवतो आणि तुकडे भलत्यांच्याच अंगावर येतात. (त्यातल्या कक्षांच्या गणितावर नवऱ्याचे आक्षेप आहेत, ते नंतर कधीतरी.)

१५ नोव्हेंबर २०२१ ला रशियानं खरोखरच तसं केलं. दीड हजारांवर तुकडे झाले. आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवरच्या सातही जणांना झोपेतून उठवून परतीच्या यानांत जाऊन बसायला सांगितलं, न जाणो, पळ काढावा लागला तर! चौघं अमेरिकी 'ड्रॅगन'मध्ये, तिघं रशियन 'सोयूझ'मध्ये. सोयूझमधला एक अमेरिकन होता, उरलेले दोघं रशियन.