नकाशाची शिवण

सरकारी नोकरीत रेषांशी फार संबंध येतो. मंडळ, विभाग, उपविभाग यांच्या हद्दी आखणारा कधी दिसत नाही. त्या हद्दींत जगणारी माणसे मात्र रोज भेटतात. शिलाँगला बदली होऊन आल्यापासून मला विद्यापीठांनी आखलेल्या हद्दींविषयीही असेच कुतूहल वाटू लागले आहे.

‘आग्नेय आशिया’ हे नाव रूढ झाले ते युद्धामुळे. १९४३ साली माउंटबॅटन यांच्या हाताखाली त्या नावाचे लष्करी अधिपत्य स्थापन झाले. त्याचे मुख्यालय पुढे गेले ते मात्र श्रीलंकेतील कँडीला! युद्ध संपले, नाव उरले. १९५० मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने या प्रदेशाच्या अभ्यासाची स्वतंत्र योजना आखली. इतिहास, मानववंशशास्त्र, भाषाशास्त्र आणि राज्यशास्त्र एका छपराखाली आली, आणि तो उपक्रम फलदायीही ठरला. परंतु शास्त्रांमधल्या भिंती पाडताना प्रदेशांभोवती नवे कुंपण पडले. ब्रह्मदेश कुंपणाच्या आत, खासी टेकड्या बाहेर.

माझे शेजारी खासी आहेत. त्यांची भाषा ऑस्ट्रोआशियाई कुळातली. कंबोडियाची ख्मेर ही तिची दूरची बहीण. दक्षिण आशियाच्या अभ्यासकाला ती टोकाची, तर आग्नेय आशियाच्या अभ्यासकाला हद्दीबाहेरची. ॲमस्टरडॅमचे इतिहासकार विलेम व्हान स्केंडेल यांनी २००२ मध्ये या वर्मावर बोट ठेवले आणि अशा डोंगराळ पट्ट्याला ‘झोमिया’ हे नाव दिले. येलचे राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी २००९ च्या ग्रंथात त्याला सिद्धान्ताची जोड दिली. डोंगरातले लोक मागे राहिलेले नव्हेत. सपाटीवरील राज्यांचा कर, वेठ आणि सैन्यभरती चुकवून ते वर गेले. फिरती शेती, इतकेच काय, लिपीचा अभावदेखील त्यांच्या सोयीचाच होता.

कारकुनाने हे वाचून दचकावे, हे साहजिक आहे. ज्या नोंदींवर आपले पोट, त्यांच्यापासूनच माणसे दूर गेली म्हणायची! खासींत एक आख्यायिका आहे : नदी ओलांडताना त्यांच्या पूर्वजाने लिपी तोंडात धरली आणि ती गिळली गेली. स्कॉट यांच्या दृष्टीने पाहिले, तर ही हानीची कथा सुटकेची होते.

शेजारच्या वृद्ध गृहस्थांना मी हा अर्थ सांगितला. ते शांतपणे म्हणाले, “आमचे सियेम होते, दरबार होते, बाजार होते. आम्ही पळालो कुठे?”

या एका प्रश्नाने सिद्धान्त खोटा ठरत नाही. पण तो कोणाला किती लागू, हे त्या माणसांत बसूनच ठरवावे लागते, एवढे कळते. निरनिराळ्या शास्त्रांना एकत्र बसवणाऱ्या संशोधनाचे मोल मला येथे वाटते. त्याने कुंपण घातले, आणि ते हलवण्याची बुद्धीही त्यालाच झाली.

इकडे बदली झाली की ‘देशाच्या टोकाला आलो’ असे आपण घरी कळवतो. सरळ रेषेने मोजले, तर शिलाँगहून मुंबईपेक्षा हानोई जवळ आहे. टोक कोणते, हे मोजणारा कोठे उभा आहे त्यावर ठरते.