खिशातली चिठ्ठी

दसऱ्याला मुलांना घेऊन वर्ध्याहून नागपूरला दीक्षाभूमी पाहायला जायचे, हा बेत माझा. खबरदारीची कलमे सौभाग्यवतींची! धाकट्याच्या खिशात नावपत्त्याची चिठ्ठी आणि थोरलीच्या अंगात लालभडक फ्रॉक. गर्दीत दुरूनही दिसावी ना!

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तरी पांढऱ्या लुगड्यातल्या एका आजीबाईंनी धाकट्याला मांडीवर ओढून घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ला, तोही दसराच होता, बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी आजी आईच्या कडेवर होत्या. "मले काई आठवत नाही, भाऊ. पण मी होती तिथं," त्या म्हणाल्या. हे 'होती' त्यांनी असे उच्चारले, की माझ्या एम. ए.च्या पदवीचे मला क्षणभर काहीच वाटेना.

उतरल्यावर आजींनी धाकट्याचे बोट सोडले नाही. २००१ साली लोकार्पण झालेल्या स्तूपाकडे जाणारी रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या मुलांची नावे ऐकू आली, की हिचा हात आपोआप लाल फ्रॉककडे जाई. जत्रा म्हटली की फुगे, शेव, पाळणे. येथे मात्र खरी झुंबड पुस्तकांच्या दुकानांवर!

आजींनी कनवटीच्या नोटा मोजून एक जाडजूड ग्रंथ घेतला, नातीसाठी. मग तो थोरलीपुढे धरला. "वाच वो माय, काय लिवलं हाय?"

"बुद्ध आणि त्यांचा धम्म," तिने अडखळत वाचले.

आजींनी तिच्याकडून ते तीनदा वाचून घेतले. घरी पोचेपर्यंत नाव पाठ व्हायला हवे होते.