दोन सुरांचा वाद

आमच्या वेळी बेळगावहून पुण्याला ‘सवाई’ ऐकायला जाणारी मुले दोन प्रकारची असत. घरात पेटी-तंबोरा असलेली, ही पहिली. आणि दुसरा कुणी जातो आहे म्हणून त्याच्या मागे लागून जाणारी, ही दुसरी. मी दुसऱ्या प्रकारातला. १९८७ च्या डिसेंबरात मी प्रथम गेलो तो वसतिगृहातल्या माझ्या रूम-पार्टनरमुळे. तो धारवाडकडचा, कन्नड शाळेत शिकलेला. मी खानापूर तालुक्यातला, मराठी शाळेत शिकलेला. त्याच्या ट्रंकेत कपडे कमी आणि कॅसेटी जास्त.

ते दिवस कसे होते हे जुन्या बेळगावकरांना सांगायला नको. १९८६ च्या जूनमध्ये सीमाभागात भाषेच्या प्रश्नावर आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे गेली. दीड वर्ष उलटले तरी आमच्या मेसमध्ये मराठी मुले एका बाजूला आणि कन्नड मुले दुसऱ्या बाजूला बसत. आम्ही दोघे एका खोलीत राहत होतो, एकाच बादलीने अंघोळ करत होतो. पण तो विषय निघाला की दोघेही खाली मान घालून जेवत असू. दोघांच्याही घरी ही जोडी फारशी पसंत नव्हती. अशात एके दिवशी त्याने विचारले, “पुण्याला येतोस काय?” मी हो म्हटले. गाण्यासाठी नव्हे, पुणे पाहायला मिळेल म्हणून!

तेव्हा बेळगावहून मिरजेपर्यंत मीटरगेज होती. मिरजेला उतरायचे आणि पुण्याची ब्रॉडगेज गाडी पकडायची. मधल्या वेळात तो मला मिरासाहेबांच्या दर्ग्यात घेऊन गेला. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे. पण राहिले मिरजेत, आणि १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना प्रवासातच वारले. त्यांचा शिष्य कुंदगोळचा रामभाऊ. हा कन्नड मुलुखातला मुलगा मराठी नाटक कंपन्यांतून गाजला आणि ‘सवाई गंधर्व’ झाला. त्यांच्या शिष्यांत हुबळीच्या गंगूबाई हनगल, मुंबईचे पारशी गृहस्थ फिरोज दस्तूर आणि गदगचे भीमसेन जोशी. १९५२ साली गुरू गेले. १९५३ पासून भीमसेनांनी पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव मांडला. कबरीजवळ उभे राहून माझ्या मित्राने ही सारी वंशावळ बोटांवर मोजून दाखवली आणि शेवटी विचारले, “आता सांग, हे गाणं कुणाचं? तुमचं का आमचं?” मला उत्तर सुचले नाही. गाडीची वेळ झाली होती, हे बरे झाले.

रमणबागेच्या मैदानावर मांडव होता. खाली बैठक, अंगावर शाली, कानटोप्या, थर्मास. आम्ही आपले वसतिगृहातले घोंगडे घेऊन मागच्या बाजूला बसलो. पहिले दोन तास मी माणसेच पाहत होतो. शेजारी कुणी कारकून, कुणी शिक्षिका, कुणी कोल्हापूरचा पैलवानासारखा दिसणारा गृहस्थ. मी दर दहा मिनिटांनी विचारी, “हा कुठला राग?” आणि मित्र ओठांवर बोट ठेवून म्हणे, “सुम्न केळ.” म्हणजे, गप्प ऐक. हे माझे कन्नडचे पहिले पक्के वाक्य.

मध्यरात्र उलटल्यावर काय झाले ते नीट सांगता येणार नाही. झोप आली, गेली. थंडी वाढली. पाठीमागे दोन तंबोरे लागले आणि इतक्या मोठ्या जनसमुदायात कुणी खोकेना. कळण्यासारखे मला काही कळत नव्हते, पण उठावेसेही वाटत नव्हते. शेवटच्या पहाटे मांडवाबाहेर उजाडू लागले तेव्हा भीमसेन गात होते. माझ्या मित्राच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते तो पुसतही नव्हता. इतके महिने एका खोलीत राहून मी त्याला तसा पाहिला नव्हता. अखेर प्रथेप्रमाणे सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लागली. कुंदगोळहून निघालेला तो आवाज शनिवार पेठेत सकाळी आम्हा सर्वांना निरोप देत होता.

पुढे तीन वर्षे आम्ही जात राहिलो. मेसमध्ये आम्ही एका टेबलावर बसू लागलो. त्यावर दोन्ही बाजूंनी टोमणे ऐकले. पण ऐकण्याची सवय आता झाली होती.

तशा रात्री आता उरल्या नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आली. राज्य सरकारला वर्षातले काही दिवस फार तर बारापर्यंत सवलत देता येते. नियमाचे कारण रास्त आहे, आजारी माणसाला आणि परीक्षेच्या मुलाला झोप हवीच. पण दरबारीपासून तोडीपर्यंत रात्र जशी क्रमाने सरत असे, ती चाल मोडली. दस्तूर २००८ साली गेले, गंगूबाई २००९ साली, भीमसेन २०११ साली. उत्सव मात्र चालू आहे, आता भीमसेनांचेही नाव त्याला जोडले आहे.

माझा मित्र हल्ली म्हैसूरला असतो. आमचा महिन्यातून एकदा फोन होतो आणि त्यात एक भांडण ठरलेले. त्या पहिल्या वर्षी पहाटे भीमसेन काय गायले? तो म्हणतो, मियाँची तोडी. मी म्हणतो, कोमल रिषभ आसावरी. रिषभ, गंधार, धैवत दोन्हींत कोमलच. तोडीत मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध. आसावरीत मध्यम शुद्ध आणि निषाद कोमल. म्हणजे वाद फक्त दोन सुरांचा! त्या रात्री मला यातला एकही सूर ओळखता येत नव्हता. एवढे मी शिकलो तेच मुळी या भांडणासाठी, कॅसेटी पुनःपुन्हा ऐकून. माझी मुलगी म्हणते, “बाबा, रेकॉर्डिंग कुठेतरी सापडेल, एकदाचा निकाल लावा की!” आम्ही दोघांनीही ते अजून शोधलेले नाही. निकाल लागला तर पुढच्या महिन्यात बोलायचे काय?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या खिशातल्या यंत्रात ती सारी गाणी आज आहेत, आणि त्यात वाईट काहीच नाही. तरी एकदा मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या संगीतसभेला जा. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातही सवाई गंधर्वांच्या नावाने गाणे होते, तिकडे जा. आणि जाताना या अंकाच्या दुसऱ्या विभागात लिहिणारा एखादा सोबती बरोबर घ्या. पुढे चाळीस वर्षे भांडायला कुणीतरी हवे.