चहाची पेटी आणि तुणतुणे

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाच्या शैक्षणिक सहलीबरोबर आम्हा दोघांना पाचगणीला जावे लागले. ‘जावे लागले’ असे म्हणण्याचे कारण इतकेच, की मराठी शिकविणाऱ्या माणसांनी सेलूहून रात्रभर बसमध्ये अवघडून बसावे यासाठी जे काही प्रयोजन होते, ते वाईलाच संपत होते. वाईत विश्वकोशाचे कार्यालय मुलांना दाखविले, तर्कतीर्थांविषयी चार शब्द सांगितले, आणि आमच्या लेखी सहल झाली. पुढचा पसरणीचा घाट, टेबललँड आणि स्ट्रॉबेरी हा मुलांचा प्रांत होता.

घाटाच्या पायथ्याशी पसरणी गाव लागते. हे शाहीर साबळ्यांचे जन्मगाव, असे आम्ही पुढच्या बाकावरून सांगत असतानाच मागे कोणीतरी मोबाइलवर मोठ्याने इंग्रजी गाणे लावले. आवाज कमी करायला सांगितले, तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा उठून पुढे आला आणि म्हणाला, “सर, तुम्ही साबळ्यांचं गाव दाखवलं, आता मी ह्याची शाळा दाखवतो. हा वर पाचगणीत शिकलाय.” गाणे ‘क्वीन’ या इंग्रजी रॉक बँडचे होते आणि ‘हा’ म्हणजे त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. २०१८ साली त्याच्यावर निघालेला चित्रपट मुलाने पाहिला होता. अरुण कोलटकरांची कविता शिकविताना ब्लूज, रॉक अँड रोल असे शब्द आम्ही मोठ्या सराईतपणे वापरतो. पण ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सेंट पीटर्स शाळेच्या फाटकाबाहेर वीस-पंचवीस मुले उभी राहिली, सर्वांनी छायाचित्रे काढली, आणि मार्गदर्शन करण्यासाठी आलेले आम्ही दोघे मागे उभे राहून ऐकत होतो.

परतल्यावर जे वाचले ते असे. फारुख बुलसारा हे त्याचे मूळ नाव. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारचा. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर. घराणे पारशी, मूळचे गुजरातेतल्या बलसाडकडचे. आठ वर्षांचा असताना या मुलाला समुद्रमार्गे मुंबईला आणि तेथून पाचगणीच्या वसतिगृहात पाठविण्यात आले. त्याला ‘फ्रेडी’ म्हणू लागले ते याच शाळेतले सोबती. शाळेने त्याच्या अंगचे गुण ओळखून संगीत शिकविण्याविषयी आईवडिलांना सुचविले, आणि तो पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंत शिकला. पण आम्हांला त्या रीतसर शिक्षणापेक्षा त्याच्या सोबत्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: रेडिओवर एखादे गाणे एकदा ऐकले, की तो पियानोपाशी बसून ते जसेच्या तसे वाजवून दाखवीत असे.

१९५८ च्या सुमारास या शाळेतल्या पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ब्रूस मरे गात असे, डेरिक ब्रांच गिटार वाजवी, व्हिक्टरी राणा हा नेपाळचा मुलगा ड्रमवर होता, आणि बुलसारा पियानोवर. जगातल्या सर्वोत्तम गायकांत पुढे ज्याची गणना झाली तो या बँडचा मुख्य गायक नव्हता; मागून साथीचा आवाज देणे एवढेच त्याच्याकडे होते. हे वाचून आम्हांला उगाचच बरे वाटले. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांकडे आम्ही कधी नीट पाहिलेले नाही, ही बाब अर्थात त्याच वेळी आठवली.

पाचवा फरांग इराणी. त्याचे वाद्य म्हणजे चहाची रिकामी लाकडी पेटी. पेटी पालथी घालायची, तिला एक काठी लावायची, काठीच्या टोकापासून पेटीपर्यंत एकच तार ताणायची, आणि काठी मागेपुढे करून तारेचा ताण बदलीत खर्जाचा स्वर काढायचा. मोठे बास वाद्य परवडत नाही त्याने करायचा हा उपाय. इंग्लंडमध्ये १९५६ नंतर लॉनी डॉनेगनच्या गाण्यांमुळे ‘स्किफल’ संगीताची साथ आली, तेव्हा गल्लोगल्लीची पोरे हेच करीत होती. लिव्हरपूलमध्ये जॉन लेननने काढलेल्या ‘क्वारीमेन’ या पोरसवदा बँडमध्येही, ज्यातून पुढे बीटल्स निघाले, अशीच चहाची पेटी होती. पेटीतला चहा हिंदुस्थानातून तिकडे जायचा आणि तिकडून पेटी वाजविण्याची युक्ती इकडे यायची, हा व्यापारही गमतीदारच.

आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा, ज्याच्या घरी गोंधळ घालण्याची परंपरा आहे असा आमचा एक विद्यार्थी पटकन म्हणाला, “सर, मग हे तं तुणतुणंच झालं की.” त्याचे म्हणणे बरोबर होते. लाकडाचे पोकळ खोड, एक काठी, एक तार. तुणतुण्याची तार एका सुरात लावून ठेवतात आणि पेटीची तार वाजविताना ओढतात-सैल करतात, एवढा फरक. त्या अंगाने पाहिले तर पेटीचे नाते चौंडक्याशी अधिक जवळचे. पण कमीत कमी सामग्रीत सुराचा आधार उभा करण्याची जी बुद्धी, ती तीच. पसरणीतून निघालेल्या शाहिराच्या मागे तुणतुणे वाजत होते त्याच काळात वरच्या डोंगरावर इराण्याचा मुलगा चहाच्या पेटीची तार छेडीत होता, आणि मध्ये एका घाटाचे अंतर होते. दोघांनी एकमेकांना ऐकले असण्याचा संभव नाही. हा आपला आमचा भूगोल.

हेक्टिक्सची शैली कोणती, या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नक्कल’ असे आहे. क्लिफ रिचर्ड, एल्व्हिस प्रेस्ली, लिट्ल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ते वाजवीत. स्वतःचे गाणे म्हणून त्यांच्या नावावर काही प्रसिद्ध नाही. शाळेचे कार्यक्रम हेच त्यांचे रंगमंच. शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनी किंचाळून दाद देत, असे सांगतात, आणि ते किंचाळणेदेखील परदेशातल्या श्रोत्यांची नक्कलच असले पाहिजे. ही गाणी त्यांच्यापर्यंत पोहोचली ती मुख्यतः रेडिओवरून. त्या वर्षांत आकाशवाणीचे धोरण आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ठरवीत होते. शास्त्रीय संगीताच्या कैवारापोटी त्यांनी चित्रपटगीतांनाच दूर सारले, तेथे रॉक अँड रोलची काय कथा! देशभरातले श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले ते त्यामुळेच. सिलोनच्या इंग्रजी सेवेवर ही पाश्चात्त्य गाणी लागत.

रेडिओवरून उचलण्यात एक अडचण असते, आणि तीच आमच्या मते या गोष्टीतली कळीची बाब आहे. हाताशी स्वरलिपी नाही, गाणे पुन्हा लागेल याची खात्री नाही, लघुलहरींवरचा आवाज सारखा येतो-जातो. त्यामुळे ऐकणाऱ्याला गळलेले स्वतःच भरावे लागते. गिटारीवरचा ठेका पियानोवर आणायचा, तर डाव्या हाताला काहीतरी नवे सुचावे लागते. मोठ्या बासऐवजी चहाची पेटी आली, की गाण्याचे वजनच बदलते. म्हणजे नक्कल पुरी करता येत नाही म्हणूनच तिच्यात नक्कल करणाऱ्याचे काहीतरी शिरते. त्याला स्वतःला याची जाणीव नसते. त्याच्या दृष्टीने तो क्लिफ रिचर्डच वाजवीत असतो.

मराठीच्या प्राध्यापकांना हा विषय नवा नाही. किंबहुना आमचे अर्धे अध्यापन याच शब्दाभोवती फिरते. इंग्रजीतला चौदा ओळींचा साचा केशवसुतांनी आणला, तर तो ‘प्रभाव’. मर्ढेकरांवर एलियटच्या अनुकरणाचा आरोप झाला आणि त्याचे खंडनही आम्ही दरवर्षी नेमाने करतो. ‘कोसला’च्या शेजारी सॅलिंजरची कादंबरी ठेवून पाहणाऱ्यांची आम्ही हजेरी घेतो. पुण्यात पारशी मंडळींचे ‘इंद्रसभा’ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली आणि १८८० साली ‘शाकुंतल’ उभे राहिले, हे सांगताना तर आमचा ऊर भरून येतो. ती पारशी रंगभूमी स्वतः इंग्रजी नाटकमंडळ्यांकडे पाहत घडली होती, हेही आम्ही सांगतो. मोठ्यांच्या बाबतीत आमच्यापाशी ‘प्रभाव’, ‘संस्कार’, ‘आत्मसात करणे’ असे कितीतरी शब्द आहेत. लहानांसाठी मात्र एकच आहे.

तो एक शब्द आम्ही एकदा लाल शाईने लिहिला आहे. वीसेक वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी, महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन आम्हा दोघांकडे आले. बी.ए.च्या एका मुलाने अकरा कविता दिल्या होत्या. घर कापसाच्या शेतीवर, गाव दुधनेच्या काठचे. कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ग्रेसमय. संध्याकाळ, पाऊस, आई, चर्चची घंटा. दुधनेकाठी चर्च कोठून आले, असे म्हणून आम्ही दोघे विभागात हसलोदेखील. नुकतेच एम.ए. होऊन आलेलो, कोणती प्रतिमा कोणाकडून आली हे ओळखण्याचा तो उत्साह भयंकर असतो. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही ‘अनुकरण’ असा शेरा लिहिला, खाली सही केली, वही परत दिली. आमच्यापैकी कोणी लिहिला हे आज आम्हांला नक्की आठवत नाही आणि आठवण्याची खटपटही आम्ही करीत नाही. मुलाने त्यानंतर काही दिले नाही. पुढे त्याने बाजारात बी-बियाणे आणि खतांचे दुकान टाकले. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो.

शेरा नसता तर तो मोठा कवी झाला असता, असे आम्ही म्हणत नाही. हेक्टिक्समधल्या पाचांपैकी चौघे रॉक संगीतात नावारूपाला आले नाहीत. राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेला, इराणी पुण्यात हॉटेलच्या धंद्यात रमला, ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला. १९६२ पर्यंत मुले शाळेतून पांगली आणि बँड मोडला. बुलसारा झांझिबारला परतला; १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंब लंडनजवळच्या फेल्टमला गेले. तेथे ईलिंगच्या कलाशाळेत त्याने ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले, दोन-तीन बँडांतून गायला, १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर ‘क्वीन’ उभे केले, पुढच्या वर्षी जॉन डीकन त्यांना मिळाला, आणि १९७३ साली पहिला अल्बम आला. आडनाव बदलून ‘मर्क्युरी’ घेतले ते याच सुमारास. पाचगणीविषयी तो पुढे फारसे बोलला नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात तो गेला.

पण १९७९ साली त्याने एक गाणे लिहिले, ‘क्रेझी लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह’. म्युनिकच्या हॉटेलात, आंघोळीच्या टबात, दहा मिनिटांत सुचले असे म्हणतात. ऑपेरा आणि रॉक एकत्र करून जगाला थक्क केलेल्या या माणसाने या गाण्यात एल्व्हिसची चाल, एल्व्हिसचा ठेका, एल्व्हिसचा खालच्या पट्टीतला लाडिक उच्चार सरळसरळ उचलला आहे. मुलाने ते आम्हांला हेडफोन देऊन ऐकविले. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. वीस वर्षांपूर्वी पाचगणीत जे चालत होते ते हेच, असे आम्हांला ऐकताना वाटत राहिले. फक्त आता तो पुढे उभा राहून गात होता.

हे सगळे डोक्यात असताना, फेब्रुवारीत एका सकाळी सेलूच्या स्टेशनावर तो खतवाला विद्यार्थी भेटला. आम्ही परभणीला निघालो होतो, तो मालाच्या कामाला जालन्याकडे. आम्ही धीर करून त्या वहीविषयी विचारले. “वही घर बदलताना गेली सर,” तो म्हणाला. “चर्चची घंटा होती ना तिच्यात? मी तोवर चर्च पाह्यलंच नव्हतं.” आणि स्वतःच मोठ्याने हसला. आम्ही हसलो नाही. काही पाठ आहे का, असे विचारल्यावर त्याने मालगाडी जाऊ दिली आणि पिशवी खाली ठेवून एक कविता म्हटली. तीच संध्याकाळ, तोच पाऊस. मात्र आई पाऊस येण्याआधी धुऱ्यावरून पऱ्हाट्यांची मोळी आत ओढून आणते आहे, आणि घंटा वाजते तेव्हा तिच्या तळहातातला काटा निघालेला नाही.

पऱ्हाटी ग्रेसांच्या कवितेत आम्ही कधी वाचलेली नाही. ती वीस वर्षांपूर्वीही त्या वहीत होती का, की मागाहून आली, असे आम्ही त्याला विचारले. “पहिल्यापासून होती की,” तो म्हणाला, आणि पूल ओलांडून जालन्याच्या गाडीसाठी पलीकडच्या फलाटावर गेला.