आत्याचे तीन एकर

होस्टेलवर 'मी असोद्याचा' म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "भरीत कधी आणतोस?" एका सरांनी मात्र विचारलं, "म्हणजे बहिणाबाईंच्या माहेरचा का?" मी ऐटीत 'हो' म्हटलं. आमच्या घरी त्या वेळी माहेरचा वाटा मागणाऱ्या आत्याशी कुणी बोलत नव्हतं, हे मात्र सांगितलं नाही.

आजी आधीच गेली होती. आजोबा 2011 मध्ये गेले. मागे वडिलोपार्जित नऊ एकर वावर आणि वारस तीन: अण्णा, काका, आत्या. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली, पण वावर कसायचे दोघे भाऊच. पुढे आत्याने हिस्सा मागितला. अण्णा म्हणाले, "तिच्या लग्नात कमी केलं का?" काका म्हणाले, "कायद्यानं निघालंच, तर एक एकर निघेल." शेवटी आत्याने दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा लावला. त्या भाऊबीजेला आमच्याकडे पाट मांडलेच नाहीत. खरं सांगतो मित्रांनो, मीही आत्यालाच दोष दिला.

सुट्टीत अण्णांबरोबर वकिलांकडे गेलो. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. जुन्या कायद्यात जन्मापासून हिस्सेदार फक्त बाप आणि दोन मुलगे, म्हणजे प्रत्येकी तीन एकर. बापाचे तीन एकर तिन्ही लेकरांत वाटले की मुलीला एक. काकांचा एक एकर इथून आला होता. पण 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही जन्मानेच हिस्सेदार आहे. 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते आणखी पक्कं केलं. आता हिस्सेदार चार, प्रत्येकी सव्वादोन एकर. आजोबांचे सव्वादोन तिघांत, म्हणजे पाऊण-पाऊण. बेरीज तीन!

वकिलांनी सांगलीच्या हिराबाई मगदूम यांचा खटलाही सांगितला. त्यांचे पती 1960 मध्ये वारले. मागे त्या, दोन मुलगे, तीन मुली. पहिल्या कोर्टाने त्यांना 1/24 हिस्सा दिला, तो फक्त पतीच्या वाट्यातला. पती असताना वाटणी झाली असती तर त्यांना स्वतःचा 1/4 मिळाला असता, तो धरलाच नव्हता. हायकोर्टाने तो धरून 7/24 दिला आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने तोच कायम केला. बाईचा स्वतःचा हिस्सा आधी धरायचा, एवढीच गोष्ट.

रात्री तेच गणित मी अण्णांना वहीत पुन्हा मांडून दाखवलं. ते बराच वेळ वही बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे दोन एकर आपण दाबत होतो."

पुढच्या तारखेला कोर्टाबाहेर आत्या दिसली. आधी माझ्याकडे वळली, "वाळला रे तू! मेसचं जेवण बरं नाही का?" मग अण्णांना म्हणाली, "भाऊ, एवढंच सांगा. वाटा घेतला तर दिवाळीले येऊ का नको?"

अण्णांना पटकन बोलता येईना. मग म्हणाले, "ये. वाटा घेऊनच ये."

काका तयार व्हायला आणखी दोन महिने लागले, विहिरीवरून. अखेर लोकअदालतीत तडजोड झाली: तिघांना तीन-तीन एकर, विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

मित्रांनो, आपण एम-थ्रीची इंटिग्रेशन्स रात्र जागून सोडवतो, पण घरच्या सातबाऱ्यावरचा साधा अपूर्णांक कधी सोडवून बघत नाही. या सुट्टीत बघा. बहीण कोर्टात जाण्याआधी बघा.

आणि हो, या हिवाळ्यात भरीत नक्की आणतो. वांगी आत्याच्या वावरातली आहेत.